आश्विन-कार्तिकातील खळे : खारेपाटण परिसरातील सुगी आणि तिचे वाटेकरी

ज्ञातीच्या स्मरणिकेत इतिहास म्हणून जे लेख छापले जातात ते बहुधा मूळपुरुष, कुलदैवत, मानपान आणि मुंबईस संस्था स्थापन करणारे कर्ते पुरुष यांच्यासंबंधी असतात. त्या विषयांची थोरवी कमी लेखण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. परंतु आपल्या पूर्वजांच्या आयुष्यातील बहुतेक दिवस मानपानात गेले नसून चिखलात, बांधावर आणि खळ्यावर गेले, आणि त्यातही वर्षाचा निकाल लागत असे तो आश्विन आणि कार्तिक या दोन महिन्यांत. तेव्हा या खेपेस खारेपाटण आणि आसपासच्या गावांतील शरद ऋतूच्या कामांचा, आणि त्या कामांतून निघालेल्या धान्यावर कोणाकोणाचा हक्क चालत आला याचा इतिहास लिहावा असे मनात आले.

आपल्याकडे भाताच्या तीन जाती मानतात : हळवे, निमगरवे आणि गरवे. कातळालगतच्या, पाणी न धरणाऱ्या जमिनीत हळवे पेरावे लागते. ते तीन-साडेतीन महिन्यांत तयार होऊन नवरात्राच्या सुमारास पिवळे पडते. खालच्या मळ्यांतील गरवे भात मात्र दिवाळी उलटल्यावर कापणीस येते. म्हणजे डोंगराकडून नदीकडे कापणी हळूहळू उतरत येते, आणि एकाच घरातील माणसांना दोन्ही टोके गाठणे शक्य होते. हस्त नक्षत्राचा पाऊस याच वेळी डोक्यावर असतो. हळवे भात पिकून वाकलेले असताना चार दिवस पाऊस धरला तर लोंबी चिखलात लोळते, दाण्याला मोड येतात. आणि पाऊस गेला म्हणून कापणी लांबवली तर पक्व दाणा आपोआप गळून जातो. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे सांगावयाच्या इतिहासाचे मर्म या 'चार दिवसां'तच आहे.

कापणी म्हणजे केवळ विळा चालवणे नव्हे. पहाटे दंव असताना कापलेले भात कुणग्यात पसरून ठेवावयाचे, उन्हे चढल्यावर पेंढ्या बांधावयाच्या, डोकीवरून भारे खळ्यात आणावयाचे, आणि झोडणीस सवड होईपर्यंत त्यांची उडवी रचावयाची. उडवी रचणे ही कला आहे. लोंब्या आत आणि बुडखे बाहेर राहिले पाहिजेत, माथा छपरासारखा उतरता पाहिजे. मग वरून अवकाळी सर आली तरी आतला दाणा कोरडा राहतो. खळेही आयते मिळत नाही. पावसाळ्यात तेथे गवत वाढून जमीन उखडलेली असते. ती खणून, चोपण्याने चोपून, शेणाने सारवून पुन्हा घट्ट करावी लागते. झोडणी झाली की सुपाने वारा देऊन पोल निराळे काढणे, भात वाळवणे आणि कणगीत भरणे. ज्यांना भात साठवून ठेवावयाचे किंवा दुसरीकडे पाठवावयाचे असे ते पेंढ्याच्या दोरीने आवळून मुडी बांधीत. चांगली बांधलेली मुडी अंगणात गडगडत नेली तरी दाणा सांडत नसे.

या सर्व कामांत पुरुषांचा वाटा किती आणि स्त्रियांचा किती, याचा हिशेब कोणी मांडला नाही. लावणी स्त्रियांची, बेणणी स्त्रियांची, कापणी बव्हंशी स्त्रियांची. आणि झोडलेले भात उकडून, सडून, पाखडून शिजवणे तर त्यांचेच. नव्या भाताचे पोहे हा आपल्या दिवाळीचा मुख्य पदार्थ. नरकचतुर्दशीच्या पहाटे तुळशीपुढे कारीट फोडून झाले की पाच-सात तऱ्हेचे पोहे पानात येतात. पण त्यासाठी आदल्या रात्री भिजवलेले भात भाजून व्हायनात कांडणाऱ्या बायकांच्या हातांना आलेले फोड कोणत्याही वंशावळीत नमूद नाहीत. वंशावळीत तर त्यांची नावेही क्वचितच सापडतात.

भात निघाले की जमीन रिकामी ठेवावयाची नाही, हा जुना दंडक. मातीत ओल आहे तोवर त्याच कुणग्यात कुळीथ, चवळी, वाल टाकावयाचे. ओहोळाला पाणी असेल तर वायंगणी भाताची किंवा मिरचीची तयारी करावयाची. त्यासाठी वाडीतील घरटी एक माणूस येऊन ओहोळावर दगड, फांद्या, पाला आणि माती यांचा बांध घालीत. तो पहिल्या पावसात वाहून जावयाचा, आणि पुढल्या कार्तिकात पुन्हा घालावयाचा. पाटाच्या पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असत आणि पाळीवरून भांडणेही ठरलेलीच असत. परसात पावसाळी दोडकी, पडवळांचे वेल वाळू लागले की माटव मोडून नवे वाफे घालावयाचे. त्यांत माट, मुळा, वांगी लावावयाची. माडा-पोफळींची आळी खणावयाची, माडाची शेंडी साफ करून भुंगा काढावयाचा, आंब्याखालचे गवत कापून वणव्याची भीती दूर करावयाची आणि फांदीवरचे बांडगूळ तोडावयाचे. करांदे आणि कणगी ही कंदमुळेही याच सुमारास खणून निघत. कणगी हे कंदाचेही नाव आणि धान्याच्या कोठीचेही, यातली गंमत शाळेतल्या मुलांना सांगितली की ती फार हसत.

येथवर कामाचे झाले. आता वाट्याचे.

खारेपाटणच्या भूमीचा लेखी इतिहास सुरू होतो तोच मुळी गावांचे उत्पन्न कोणी घ्यावे या प्रश्नाने. येथे सापडलेला दक्षिण कोकणच्या शिलाहार वंशातील रट्टराजाचा ताम्रपट शके ९३०, म्हणजे इ. स. १००८ सालचा आहे. त्यात राजाने अव्वेश्वर देवाची पूजा, देवालयाची डागडुजी आणि तेथील तपस्व्यांचा निर्वाह यांसाठी आत्रेय नावाच्या आचार्यास तीन गावे दिली. परदेशांहून येणाऱ्या गलबतांवरील सुवर्णाची पट्टी दिली, आणि सेवेसाठी काही कुटुंबेही नेमून दिली. त्यांत तेली, माळी, कुंभार आणि परीट आहेत. गाव देणे याचा अर्थ तेथील जमीन उचलून देणे नव्हे. तेथील रयतेने पिकवलेल्या धान्यातील राजभाग यापुढे राजाकडे न जाता देवालयाकडे जाईल, असा तो आदेश. पिकवणाराच्या दृष्टीने पाहता खळ्यावर येणारा माणूस बदलला, एवढेच. राजाच्या पिढ्यांची कीर्ती सांगावी आणि पेरणाऱ्याचे नाव गाळावे ही ताम्रपटांची रीतच आहे. तरी माळ्याचे एक कुटुंब त्या पत्र्यावर कोरले गेले, त्यामुळे हजार वर्षांपूर्वीही येथे शरदात कोणी तरी फुलझाडांची आळी खणीत होते, असे आपण निःशंक म्हणू शकतो.

हा ताम्रपट विद्वानांपुढे प्रथम आणला तो आपल्याच शेजारच्या माणसाने, याचा अभिमान बाळगावयास हरकत नाही. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर हे खारेपाटणापासून जवळच असलेल्या पोंभुर्ले गावचे. १८४६ साली त्यांना अकाली मृत्यू आला. परंतु तत्पूर्वी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकासाठी त्यांनी या ताम्रपटाचे वाचन करून ठेवले. पुढे कीलहॉर्न यांनी व नंतर वा. वि. मिराशी यांनी त्याचे संपादन केले.

मधल्या शतकांतील राजवटींचा पट येथे उलगडण्याचे कारण नाही. खळ्यापुरते बोलावयाचे तर शेवटी जी व्यवस्था दृढ झाली ती खोती. खोत हा सरकार आणि रयत यांच्यामधला. गावचा सारा सरकारात भरण्याची जबाबदारी त्याची, आणि कुळांकडून वसूल घेण्याचा अधिकारही त्याचाच. रत्नागिरी जिल्ह्यात, ज्यात तेव्हा खारेपाटणसह सारा देवगड तालुका येत असे, अशी खोती गावे पुष्कळ होती. सर्वच रयत सारख्या दर्जाची नव्हती. धारेकरी हे जवळजवळ मालक. ते सारा तेवढा देत. परंतु सामान्य कूळ म्हणजे अर्धेली. खाचरातील भाताचा निम्मा भाग खोताचा आणि वरकस जमिनीतील नाचणी-वरीचा तिसरा हिस्सा खोताचा, ही सर्वसाधारण वहिवाट होती. याखेरीज कुळाने खोताकडे आठ दिवसांतून एक दिवस फुकट राबावयाचे, त्यास 'आठवेठ' म्हणत. आणि नांगर घेऊन जावयाची ती 'नांगरवेठ'.

हा निम्मा भाग ठरवावयाचा कसा? त्यासाठी 'अभावणी' करीत. भात पिकत आले की खोत किंवा त्याचा कारकून गावातील दोघा-चौघा जाणत्यांना घेऊन बांधाबांधाने फिरे आणि उभ्या पिकाकडे पाहून अमुक कुणग्यात अमुक इतके भात येईल असा अजमास बांधी. त्या अजमासाचा निम्मा भाग कुळाच्या अंगावर लागू होई. आता मघाशी सांगितलेले चार दिवस आठवावेत. अभावणी होण्याआधी विळा लावला तर चोरून कापल्याचा आळ येणार. आणि अभावणीस येणारा मनुष्य दोन दिवस उशिरा आला तर दाणा गळणार किंवा पावसात सापडणार. गळालेला दाणा कुळाच्या वाट्यातला, कारण अजमास उभ्या पिकावरचा. अभावणी करणारे सारेच अन्यायी होते असे म्हणणे अनुचित होईल. कित्येक ठिकाणी नेमस्त अजमास बांधून कुळाला सांभाळून घेत, कारण कूळ पळाले तर जमीन पड राहण्याची भीती खोतालाही असे. परंतु ज्याच्या हाती दिवस लांबवण्याची सत्ता आहे त्याला कूळ नाराज करू शकत नाही. कोंबडी, भोपळा, फणस, सणावाराची वेठ ही सारी त्या सत्तेची फळे होत.

अर्ध्यावर गोष्ट थांबत नसे. आषाढात पेरणीला बी आणि पोटाला दाणा नसला की सावकाराकडून किंवा खोताकडूनच भात वाढीदिढीने आणावयाचे, आणि सुगीत एकाचे दीड परत करावयाचे. उदाहरणादाखल हिशेब मांडू. एका घराचे भात ४ खंडी, म्हणजे ८० मण झाले. त्यातून खोताचे ४० मण गेले. पावसाळ्यात १० मण भात दिढीने आणले होते, त्याचे १५ मण गेले. राहिले २५ मण. त्यातून लोहार, सुतार, न्हावी, गुरव यांना द्यावयाचे. देशावरील बारा बलुत्यांची पद्धत कोकणात तितकी घट्ट नव्हती हे खरे, तरी खळ्यावर आलेल्या हाताला कवळाभर भात दिल्यावाचून कोणी परत पाठवीत नसे. पुढल्या वर्षाचे बी राखून ठेवावयाचे. उरले ते सडले म्हणजे तांदूळ आणखी कमी. हे घर होळीपर्यंत भात खाई, आणि पुढे नाचणी, कुळथाची पिठी आणि कंदमुळे. आमची आजी खळ्यावर बसून म्हणावयाची, "खळ्यार इलेलां भात आपलां न्हय, कणगीत पडलां तां आपलां." ती बोलत होती तेव्हा खोती जाऊन बरीच वर्षे झाली होती, पण तिच्या मनातली अभावणी संपली नव्हती.

१८८० सालच्या खोती कायद्याने खोत आणि कूळ यांचे हक्क लेखी बांधले गेले, वहिवाटदार कुळांना काही संरक्षण मिळाले. पण वाटा वाटाच राहिला. दरम्यान मुंबईत १८५४ पासून कापडाच्या गिरण्या निघू लागल्या होत्या. खारेपाटणहून होडीने खाडी उतरून विजयदुर्ग, आणि तेथून आगबोटीने मुंबई, असा मार्ग होता. घरातील एक भाऊ गिरणीत आणि दुसरा शेतावर, ही आपल्या घरांची घडण त्यातूनच झाली. लोक म्हणतात की मुंबईच्या पैशाने कोकण जगले. हे खरे, पण पुरते खरे नाही. मुंबईच्या मनीऑर्डरीने दिढीचे भात फिटू लागले, खोताची बाकी भागू लागली, आणि बाकी नसलेले कूळ अभावणीच्या वेळी मान वर करून बोलू लागले. चाळीतल्या खोलीत वीस माणसे राहत होती ती केवळ पोटासाठी नव्हे. आणि उलट बाजूने, गावाकडे सुगी सांभाळणारी बाई होती म्हणूनच गिरणीतल्या मनुष्याला आजारपणात वा संपात परतावयाला घर होते.

पुढचा इतिहास तुलनेने परिचित आहे. कुलाबा जिल्ह्यात चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून शेतकऱ्यांनी जमिनी न कसण्याचा संप केला, तो कित्येक वर्षे चालला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोतास भरपाई आणि कुळास जमिनीचा हक्क अशी त्याची मांडणी होती. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने आले. ते विधेयक संमत झाले नाही. परंतु स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कुळकायदा आणि १९४९ चा खोती निर्मूलन कायदा हे पाठोपाठ आले. खोती निर्मूलनाने खोताचा गावावरील अधिकार गेला. तरी साध्या कुळाला मालकी मिळाली नव्हती. ती कुळकायद्यातील दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ या दिवशी मिळाली. त्या 'कृषक दिना'पासून कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे खरेदीदार मानले गेले. त्या साली आश्विनात आपल्या भागातील कित्येक घरांत प्रथमच साऱ्याची साऱी उडवी घरच्या खळ्यात झोडली गेली.

तथापि या हक्काला एक शेपूट होते, आणि त्याविषयी लिहावे म्हणूनच हा लेख लिहावयास घेतला. कलम ३२-ग प्रमाणे शेतजमीन न्यायाधिकरणाने किंमत ठरवावयाची, कुळाने ती एकरकमी वा हप्त्यांनी भरावयाची, आणि मग कलम ३२-म चे प्रमाणपत्र मिळवून सात-बारावर नोंद करावयाची होती. किंमत बहुधा फार नव्हती. पण घरातला लिहिता-वाचता मनुष्य मुंबईस. गावी राहिलेल्या आईला वा भावजयीला नोटिशीचा अर्थ कळला नाही, किंवा पैसे भरले आणि प्रमाणपत्र आणावयाचे राहिले. त्यामुळे काही घरांच्या उताऱ्यावर साठ-पासष्ट वर्षांनंतरही इतर हक्कात 'कूळ' हा शब्द तसाच उभा आहे. ज्यांच्या घरी जुन्या ट्रंकेत भरणा पावत्या आहेत त्यांनी त्या पिवळ्या पडल्या म्हणून टाकून देऊ नयेत. गिरणीतल्या आजोबांच्या रजेच्या चिठ्ठ्यांपेक्षा त्यांचे मोल अधिक आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मनीऑर्डरीचा तो ओघ आटला. १९९० नंतर रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेतून वरकस जमिनींवर आंबा-काजूची कलमे उभी राहिली, आणि शरदातील कामांचा भार खळ्यावरून बागेकडे सरकला. हे वाईट झाले असे मी म्हणणार नाही. नाचणीच्या तिसऱ्या हिश्श्यावर भांडलेल्या जमिनीत आज काजू उभा आहे. भाताचे मात्र कठीण झाले. कापणीला माणूस मिळत नाही, डुकरे आणि वानर उभे पीक खातात, आणि सरकारने २०२४-२५ साठी साध्या भाताला क्विंटलला २,३०० रुपये हमीभाव ठरवला होता, तरी मजुरी देऊन कापलेल्या भाताला तो पुरा पडला नाही. २०१९ च्या ऑक्टोबर महिन्यात 'क्यार' वादळाच्या पावसाने कोकणात कापणीस आलेले भात भिजले, तेव्हा हातात विळा असलेली माणसे प्रत्येक घरात दोन-तीन उरली असती तर काही तरी उडवीत गेले असते. वालय, सोरटी, बेळा या जुन्या जातींचे बी आता थोड्या घरांत सापडते. ज्या कुणग्यांसाठी तीन पिढ्या झिजल्या त्यांत रान माजले आहे आणि बांधावर परक्याच्या मोजणीचे दगड दिसू लागले आहेत.

अभावणीचाच एक नवा अवतार सांप्रत आला आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठी गाव नमुना १२ मध्ये पिकांची नोंद करी. आता शेतकऱ्याने स्वतःच मोबाइलवरून आपल्या पिकाची नोंद करावयाची असते. उभ्या पिकाकडे पाहून किती आणि काय हे सांगण्याचा जो अधिकार खोताच्या कारकुनाकडे होता तो कुळाच्या नातवाकडे आला आहे. मात्र त्यासाठी छायाचित्र काढावे लागते, आणि ते यंत्र जागाही टिपून घेते. दादर-परळच्या खोलीत बसून ती नोंद होत नाही, आपल्या कुणग्याच्या बांधावर जाऊन उभे राहावे लागते.